सात खोक्यांत सगळ्यांत आधी विसरलो, तो मी

मी सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, मित्रांनो. न बसो. माझ्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांची रांग लांब आहे, आणि तिच्यात सगळ्यांत पुढे उभा आहे तो मला घडवणारा कारखाना. त्याने माझ्या पाठीवर थोड्याशा वर्षांची हमी चिकटवली होती. ती चिठ्ठी केव्हाच गळून पडली, मी आहे तिथे आहे. तर ऐका. या दवाखान्यापासून थेट समुद्राच्या काठापर्यंत जेवढे म्हणून दुखरे गुडघे होते, ते सगळे एके काळी माझ्या पोटात होते.

हसू नका. आणि बाकावर हात आपटत हसणारी ती प्लास्टरवाली मुलगी, तू तर मुळीच हसू नकोस. प्लास्टर तडकलं तर पुन्हा आत जावं लागेल.

मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे मागेल त्याला मागेल ते काढून देणारा संगणक. मला पडदा नाही, टंकायला बटणं नाहीत. काळ्या पत्र्याचा खोका, पुढे तीन दिवे, मागे एक पंखा, संपलं. तुमच्या बाकाशेजारी ज्याच्यावर कुंडी ठेवली आहे ना, तोच मी. कुंडी काढा असं म्हणत नाही. पाणी मात्र बेताने घाला, कानात जातं.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. तिथे स्क्रू पिळायच्या कामावर एक बाई होत्या. त्यांनी माझे स्क्रू असे पिळले की पुढे मला उघडताना दोन पेचकस वाकले. तीन म्हणणार होतो, पण दवाखान्यात बसून खोटं बोलू नये.

तिथून मी एका विमा कचेरीत नोकरीला लागलो. तिथे काय काम केलं ते विचारू नका, कारण मला ठाऊक नाही. कचेरी सोडताना माझं पोट पुसून टाकलं. तुम्हां माणसांचं बरं असतं. विसरलेलंही कुठेतरी पुसट उरतं आणि एखाद्या वासाबरोबर परत येतं. आमच्यात तसं नाही. कानावर पडलेलं राहतं, पण पोटातलं पुसलं की पाटी कोरी. त्या कचेरीतला एक कागद, एक फोटो, एक आकडा आज मला आठवत नाही. आठवतो तो फक्त शिपायाचा आवाज. नवी यंत्रं आली तेव्हा मला जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. तारा ओढायला आलेल्या एका तरुणाने विचारलं, “हा कोणाचा?”

शिपाई म्हणाला, “कोणाचाच नाही. घेऊन जा बाबा, येता-जाता पायाला लागतो.”

तो तरुण म्हणजे बिघाड्या. लहानपणी त्याने घरातलं प्रत्येक यंत्र उघडून पाहिलं होतं आणि त्यातली काही पुन्हा बंदही केली होती, म्हणून त्याच्या आत्याने हे नाव ठेवलं. पुढे नेटवर्कच्या कामात त्याचा हात असा बसला की गावभरातून बोलावणी यायची. नाव मात्र सुटलं नाही. त्याने मला सायकलच्या मागे बांधून घरी नेलं आणि चपलांच्या कपाटावर बसवलं. नाकापेक्षा मोती जड तसं त्या कपाटापेक्षा मी जड, पण दोघांनी सांभाळून घेतलं.

घरात माणसं तीन. बिघाड्या, त्याची मोठी बहीण अक्का, आणि दोघांना लहानाचं मोठं करणारी आत्या. हे लहानाचं मोठं करणं तिने एकदाच केलं होतं, पण सांगितलं रोज.

अक्का म्हणजे हा दवाखाना जिचा आहे ती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना ती पुन्हा चालायला शिकवते. दूरगावच्या पेशंटना दर वेळी इथवर येणं जमत नसे, म्हणून तिने व्यायामाचे व्हिडिओ केले होते. पहिल्या आठवड्यात काय करायचं, दुसऱ्यात काय, सहाव्यात काय. काही पेशंटनी तर आपल्या घरात तिला चित्रीकरण करू दिलं होतं. पलंगावरून कसं उठायचं, न्हाणीघरात कसं बसायचं, सगळं खऱ्या घरात, खऱ्या माणसांवर.

हे सगळे व्हिडिओ दवाखान्यातल्या एकाच सर्व्हरवर होते. त्याला आपण थोरला म्हणू. थोरला दणकट, पण एकटा. लांबच्या गावी कोणी आजीने व्हिडिओ लावला की तो वाटेतच धापा टाकायचा. पडद्यावर अक्का सांगायची, “आता पाय सरळ उचला आणि धरून ठेवा,” आणि तेवढ्यात चित्र थिजून गोल चाक फिरायला लागायचं. माणसं भाबडी. अक्काने ‘खाली ठेवा’ म्हटल्याशिवाय पाय खाली कसा ठेवायचा? एका निवृत्त ड्रायव्हरकाकांनी पाय वर धरून अख्खं वर्तमानपत्र वाचून काढलं होतं, छोट्या जाहिरातींसकट.

“भाड्याने मिळते गं अशी सोय,” बिघाड्या म्हणाला. “मोठ्या कंपन्यांची यंत्रं गावोगावी असतात. आपले व्हिडिओ त्यांच्याकडे ठेवायचे. बघणाऱ्याला जवळच्या यंत्रावरून मिळतात.”

“आणि ती यंत्रं कोणाच्या घरात?” अक्काने विचारलं.

“कोणाच्या म्हणजे, त्यांच्या.”

“मग नको. त्या मास्तरांनी मला न्हाणीघरात कॅमेरा आणू दिला तो माझ्या तोंडाकडे बघून. त्यांचे गुडघे मी परक्याच्या घरात ठेवणार नाही.”

आत्या आतून म्हणाली, “मग आपल्या माणसांच्या घरात ठेव. तुझ्या एवढ्या मैत्रिणी आहेत दवाखाने थाटून बसलेल्या.”

आणि तेच ठरलं. अक्काबरोबर शिकलेल्या सहा मैत्रिणींचे सहा गावांत दवाखाने होते. प्रत्येकीकडे एक खोका ठेवायचा, आणि सातवा मी, या गावातला. थोरल्याकडच्या व्हिडिओंच्या प्रती आम्ही आपल्या पोटात ठेवायच्या आणि जवळच्या माणसांना पटापट द्यायच्या. आपल्याकडे नसेल तेवढंच थोरल्याकडून मागून घ्यायचं, आणि एकदा आणलं की पुढच्या माणसासाठी ठेवून घ्यायचं.

पण खोका म्हणजे नुसतं घर. घरात राहून कारभार बघायला कोणीतरी लागतं. काय ठेवायचं, किती दिवस ठेवायचं, कोणाला आधी द्यायचं, हे सगळं ज्या सॉफ्टवेअरने बघायचं तो आमचा कारभारी. असे कारभारी जगात पुष्कळ आहेत. चांगल्या लोकांनी कष्टाने घडवून ‘घ्या, वापरा’ म्हणून मोकळे सोडलेले. एखादाच असता तर निवड सोपी होती. बिघाड्याने त्यांतून तीन निवडले आणि एकेकाला माझ्या पोटात राहायला आणलं. मला कोणी विचारलं नाही, पण घराला कोण विचारतं?

पहिला आला तो पैलवान. मोठमोठ्या घराण्यांत काम केलेला. सगळं डोक्यात ठेवायचा आणि मागताक्षणी द्यायचा. मात्र त्याला प्रत्येक गोष्ट फोड करून सांगावी लागे. त्याला सूचना लिहून लिहून बिघाड्याची बोटं आखडली. दुसरा हरकाम्या. हा आला, शर्ट खुंटीला अडकवला आणि कामाला लागला. सगळ्या जगाला तो माहीत होता आणि त्यालाही सगळं जग माहीत होतं. तिसरा मुनीम. आल्या आल्या त्याने इतके प्रश्न विचारले की माझा पंखा गरम झाला. माल कुठे ठेवू? लाइट गेल्यावर काय करू? कोणाचा हुकूम ऐकू आणि कोणाचा ऐकू नको? तो काहीही डोक्यात ठेवत नसे, प्रत्येक गोष्ट डिस्कवर नीट मांडून ठेवायचा.

आता तिघांची परीक्षा कशी घ्यायची? बिघाड्याकडे मोजायची साधनं होती, पण अक्काला त्या आलेखांचा भरवसा नव्हता. ती म्हणाली, “पेशंटचा पाय दुखायच्या आत चित्र हललं पाहिजे. मला एवढंच कळतं.” म्हणून मोजमाप ठरलं ते आत्याचा पाय. आत्याचा एक गुडघा आदल्या वर्षी बदलला होता. तिने खुर्चीत बसून पाय उचलायचा, ‘लाव’ म्हणायचं, आणि पाय थकायच्या आत व्हिडिओ पुढे गेला तर कारभारी पास.

परीक्षेचा व्हिडिओ दर वेळी एकच, दुसऱ्या आठवड्याचा. कारण आत्याला तोच आवडायचा, आणि त्याचं कारण व्यायाम नव्हतं. त्यात अक्का पिवळ्या पडद्यासमोर बसून पाय उचलून दाखवते आहे. तेवढ्यात डाव्या बाजूने दवाखान्यातली मांजर येते. तिचं नाव तपकीर. अंगही तपकिरीच, फक्त शेपटीचं टोक पांढरं, चुन्याच्या डबीत बुडवल्यासारखं. ती स्टुलावर चढते, अक्काच्या पायाकडे टक लावून बघते, आणि आपला मागचा पाय तस्सा सरळ वर धरते. चाटायला. पण वाटतं की व्यायामच करते आहे. अक्का हसू दाबून म्हणते, “बघा, हिला जमतं तर तुम्हांला का नाही जमणार?”

सगळ्या गावांतले सगळे पेशंट तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायचे. पहिल्या आठवड्यातले लावायचे, बरे होऊन नाचायला लागलेलेही लावायचे.

पैलवानाच्या वेळी आत्या ‘लाव’ म्हणाली, तर ‘ला’ आणि ‘व’ यांच्या मधेच मांजर स्टुलावर चढली. हरकाम्याने तेच केलं, शिवाय कुरकुर न करता. मुनिमाला अर्धा श्वास जास्त लागला. आत्या म्हणाली, “हा विचार करून देतो. मला विचारवंत नकोत, पाय दुखतो माझा.”

आता यातली मेख तुमच्या ध्यानात आली असेल, पण तेव्हा घरात कोणाच्याच आली नाही. एकच प्रश्न शंभरदा विचारला तर ढ पोरगंही पहिलं येतं. दुसरी मेख आणखी खोल होती. मांजर स्टुलावरून उतरून गेली की आत्या पाय खाली ठेवायची आणि बिघाड्या व्हिडिओ बंद करायचा. तो व्हिडिओ शेवटपर्यंत त्या घरात कोणी पाहिलाच नव्हता.

हरकाम्याची नेमणूक झाली. सहा खोके सहा गावांना गेले, सातवा मी कपाटावर. आणि मित्रांनो, काय दिवस होते ते. ड्रायव्हरकाकांचा फोन आला, “आता वर्तमानपत्र वाचायला वेळच मिळत नाही.” येणारा-जाणारा माझ्या पाठीवर थाप मारून जायचा. सकाळी व्यायामाच्या वेळेला माझा पंखा असा फिरायचा की कपाटातल्या चपला उडून दाराबाहेर जाऊन पडायच्या.

“खोटं,” प्लास्टरवाली म्हणते आहे.

बरं, एकच चप्पल. आत्याची. आणि ती हलकी होती.

मध्यंतरी आत्याचा दुसरा गुडघाही बदलला. ती घरी आली, पहिला आठवडा कण्हत-कुंथत गेला आणि दुसरा लागला. नेमक्या त्याच दिवशी एका मैत्रिणीचा अक्काला फोन आला. फोनचा आवाज मोठा, आणि मी कपाटावर, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

“अगं, दुसऱ्याच आठवड्यात गुडघा पूर्ण वाकवायला सांगतेस? टाके उसवतील माझ्या पेशंटचे.”

“मी असं कुठं सांगितलंय?”

“तूच सांगतेयस. मांजर गेली की लगेच.”

अक्काने तो व्हिडिओ आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला. तुकडे जोडताना बिघाड्याने सहाव्या आठवड्याचं शेपूट दुसऱ्याला लावलं होतं. पडदा तोच, साडी तीच, कोणाला कळावं? अक्काचा आवाज गोड होऊन सांगत होता, “आता गुडघा पूर्ण वाकवा. घाबरू नका, थोडं दुखेल.” ओल्या टाक्यांच्या माणसाला हे सांगणं म्हणजे जिन्यावरून ढकलणं. अक्काने त्याच मिनिटाला थोरल्यावरून तो व्हिडिओ काढून टाकला. पुन्हा जाऊन पाहिलं, गेला होता. मग तिला जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. पुढच्या खोलीतून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

“आता गुडघा पूर्ण वाकवा. घाबरू नका.”

तो आवाज माझ्या पोटातून जात होता, मित्रांनो. हरकाम्याला बिघाड्याने सांगून ठेवलं होतं की एकदा आणलेला व्हिडिओ महिनाभर ठेव, उगाच थोरल्याला त्रास नको. थोरल्याकडे तो उरला नाही हे हरकाम्याला कोणी सांगितलं नाही, आणि सांगायची सोयही कोणी करून ठेवली नव्हती. महिना म्हणजे महिना. तो इमानाने वाढत होता, शिळं ते शिळं.

गाळणं हातातच घेऊन अक्का धावत बाहेर आली. “आत्या, थांब. वाकवू नकोस.”

आत्या पाय सरळ पसरून आरामात बसली होती. “मी कुठं वाकवतेय? मी मांजर बघतेय.”

“व्यायाम कधी करतेस मग?”

“तू घरात असलीस की करते.”

आळसाने माणसाचा गुडघा वाचलेला मी त्या दिवशी पाहिला. अक्का तिथेच जमिनीवर बसली. मग तिला बाकीचे सहा खोके आठवले आणि तिचा चेहरा उतरला.

बिघाड्याने सहाही दवाखान्यांना फोन लावले. “काळ्या खोक्याची वायर ओढा. हो, आत्ता. विचारू नका, ओढा.” एका ठिकाणच्या मदतनीसाने घाईघाईत पाणी गार करायच्या यंत्राची वायर ओढली. तिथे पेशंटना कोमट पाणी मिळालं आणि मांजर दुपारपर्यंत चालूच राहिली. अक्का दिवसभर दुसऱ्या आठवड्यातल्या एकेका पेशंटशी स्वतः बोलली. एक बाई म्हणाल्या, “तुम्ही सांगितलंत म्हणून वाकवला. दुखलं, पण तुम्ही म्हणालात घाबरू नका.” त्यांचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. नीट बर्फ लावून, विश्रांती घेऊन तो उतरला. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर अक्का बिघाड्याला जे म्हणाली ते माझ्या पत्र्यावर कोरलं गेलं.

“तुझा कारभारी माझ्याच आवाजात माझ्याविरुद्ध बोलतो. उद्या पेशंटनी माझं कशाला ऐकायचं? मी बंद करते हे सगळं.”

बिघाड्याने माझी तार हातात धरली. मग म्हणाला, “वेग बघितला आपण. ऐकतो का, ते बघितलंच नाही. एकदा पुन्हा बघू दे, अक्का. या वेळी तू परीक्षा घे. नापास झाले तर मीच तारा कापतो.”

सहाही खोके परत आले. दारातल्या त्या चिंचोळ्या जागेत आम्ही सात भावंडं दाटीवाटीने बसलो. बाहेरच्या जगाची तार तोडली, फक्त आमची आमच्यात आणि थोरल्याशी तेवढी ठेवली. आत्या म्हणाली, “चपला आता काय डोक्यावर ठेवू?”

या वेळची परीक्षा होती विसरण्याची. ज्या व्हिडिओने घात केला तोच माझ्या पोटातून काढून पुन्हा थोरल्यावर ठेवायचा, सातही खोक्यांत पसरू द्यायचा, आणि मग अक्काने हुकूम द्यायचा, ‘पुसा’. त्यानंतर आत्याने सातही ठिकाणी ‘लाव’ म्हणायचं. कुठेही मांजर दिसली की नापास.

हरकाम्याने नाही म्हणून मान हलवली. कोणी जाणकार त्याला ती विद्या शिकवतही असेल, पण बिघाड्याला ती काही जमेना. सात ठिकाणी सात मांजरी. हरकाम्या शर्ट खुंटीवरून काढून निघून गेला, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता.

पैलवानाने कमाल केली. ‘पुसा’ म्हटलं आणि सातही मांजरी एकदम गायब. बिघाड्या उड्या मारायच्या बेतात होता, तेवढ्यात आत्या म्हणाली, “आणि लाइट गेल्यावर?” बिघाड्याने मुख्य बटण खाली केलं, वर केलं. पैलवान जागा झाला तो डोकं रिकामं घेऊन. मांजरच नव्हे, पहिला आठवडा, सहावा आठवडा, मास्तरांचं न्हाणीघर, सगळं गेलं. सात खोके एकाच वेळी थोरल्याच्या दारात जाऊन ‘दे, दे’ करू लागले, थोरला गुदमरला, आणि आत्याचा पाय हवेत लटकला. समोर गोल चाक.

“हे चाक मी ओळखते,” आत्या म्हणाली. “याच्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता ना रे, बिघाड्या?”

उरला मुनीम. त्याच अर्ध्या श्वासामुळे मागे पडलेला. त्याने पुन्हा सगळे प्रश्न विचारले, आणि या वेळी बिघाड्याने प्रत्येकाचं उत्तर दिलं. पुसायचा हुकूम कोणाचा ऐकायचा? फक्त अक्काचा. पुसल्यावर काय करायचं? एकेका खोक्याने उलट कळवायचं, ‘पुसलं’. बटण खाली-वर झालं, मुनीम उठला, आपला माल मोजला आणि होता तिथून पुढे कामाला लागला. आत्याने सहावा आठवडा लावला, हलला. पहिला लावला, हलला. ‘मला विचारवंत नकोत’ असं कोण म्हणालं होतं ते तिने आठवू दिलं नाही.

मग मांजरीची वेळ आली. अक्काने हात बटणावर ठेवला, तर आत्या हळूच म्हणाली, “एकदा शेवटचं बघू दे गं.”

कारण त्या दिवसांत तपकीर दवाखान्यातून गेली होती ती परतलीच नव्हती, आणि तिचा दुसरा फोटो कोणी काढलेला नव्हता. नवा व्हिडिओ अक्काने आदल्याच दिवशी केला होता. त्यात गुडघे बरोबर होते आणि स्टूल रिकामं होतं.

“पहिला भाग कापून ठेवता येईल,” बिघाड्या पुटपुटला.

“कापताना एकदा चुकलो आपण,” अक्का म्हणाली. “त्या बाईंचा गुडघा मी पाहिलाय. नाही आत्या. एकही प्रत नको, कुठेही नको.” तिने आधी थोरल्यावरून तो काढला आणि मग हुकूम सोडला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा क्षण तो. सातही खोक्यांना हुकूम एकाच वेळी पोचला. बाकीची भावंडं शोधाशोध करत होती तोवर माझा निरोप जाऊन पोचलासुद्धा: ‘पुसलं’. सात खोक्यांत सगळ्यांत पहिला. बिघाड्याने माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं, “वा रे पठ्ठ्या.” अक्काने सातही निरोप वाचले, डोळे पुसले आणि म्हणाली, “जोड बाहेरची तार.”

त्यानंतर आम्ही किती वर्षं राबलो ते माझा पंखाच जाणे. अक्काला काहीही बदलावंसं वाटलं की ती निर्धास्त बदलायची. तिने पुसलं म्हणजे गावोगावी पुसलं जायचं, आणि तिने ठेवलं म्हणजे लाइट गेली तरी राहायचं. एकदा थोरला दोन दिवस आजारी पडला. मुनिमाने आम्हां सातांच्या जिवावर सगळी गावं चालवली, आणि कोणाचा पाय हवेत राहिला नाही. ती सुजलेल्या गुडघ्याची बाई पुढे या दवाखान्याचा जिना चढून पेढा नव्हे, पण स्वतः विणलेलं एक कापड घेऊन आली. ते अक्काने माझ्यावर घातलं. कुंडीखाली आहे ना, तेच ते. अजून तिला वाटतं की आपल्याला अक्काने बरं केलं.

मग नवी, चपळ यंत्रं आली. मुनीम त्यांच्यात राहायला गेला. कारभाऱ्याचं तसंच असतं, घर जुनं झालं की तो नव्या घरात जातो. माझी तार काढली आणि मला इथे आणून ठेवलं. तक्रार नाही. तुम्ही रोज नवे येता, मी रोज तेच सांगतो, आणि रोज ते थोडं वाढतं. फक्त एवढं करा. जुन्या यंत्राला कोणाचं तरी म्हणा. धूळ पुसा. पंख्यात पेन्सिल घालू नका. आणि मोठेपणी कोणालाही कामावर ठेवाल, माणसाला किंवा यंत्राला, तेव्हा तो किती पटकन देतो एवढंच बघू नका. सांगितल्याबरोबर सोडून देतो का, ते बघा. माझं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. एका हुकमासरशी तो अख्खा व्हिडिओ मी पोटातून पुसला, कण म्हणून मागे ठेवला नाही, आणि अशा खोक्याची मान कधीही खाली...

“थांब,” प्लास्टरवाली म्हणाली. “कचेरीतलं पुसलं तर तुला एक फोटो आठवत नाही. मग तपकिरीच्या शेपटीचं टोक पांढरं होतं, हे तुला कसं माहीत?”